कधी कधी, अधूनमधून, क्वचित: इंग्रजीत हे कसं सांगायचं? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

घरी अहिराणी, शाळेत मराठी आणि इंटरव्ह्यूच्या खोलीत इंग्रजी, अशी कसरत करणाऱ्या जळगाव, धुळे, नंदुरबारच्या मुलामुलींकडून जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात ते इथे एकत्र केले आहेत. काही बँकेच्या परीक्षेची तयारी करणाऱ्यांचे आहेत, काही पुण्यात नोकरीला लागलेल्यांचे, काही केळीच्या व्यवहारासाठी व्यापाऱ्याला मेल लिहिणाऱ्यांचे. सोपे आधी, अडचणीचे नंतर. एका उत्तरात आलेली गोष्ट पुन्हा सांगितलेली नाही, तिथे प्रश्नाचा क्रमांक दिला आहे. इंग्रजी वाक्यं देवनागरीत आहेत. ती मोठ्याने म्हणून पाहा, चूक डोळ्याच्या आधी कानाला कळते.

१. समटाइम्स, ऑकेजनली, रेअरली, सेल्डम या सगळ्यांचा अर्थ 'कधी कधी' असाच ना?

नाही, आणि सगळ्यात जास्त घोळ इथेच होतो. या शब्दांचे दोन गट आहेत. समटाइम्स, ऑकेजनली, नाऊ अँड देन, वन्स इन अ व्हाइल, फ्रॉम टाइम टू टाइम, ॲट टाइम्स हे सगळे सांगतात की गोष्ट घडते. रोज नसेल, पण घडते. रेअरली, सेल्डम, हार्डली एव्हर हे सांगतात की गोष्ट जवळजवळ घडतच नाही. पहिला गट होकाराचा, दुसरा नकाराचा.

मराठीत हा फरक आपण न शिकता पाळतो. 'भाऊ कधी कधी फोन करतो' म्हणताना आईचा आवाज समाधानाचा असतो. 'भाऊ क्वचितच फोन करतो' म्हणताना तक्रार असते. महिन्यात फोन तेवढेच आले असतील, तरीही. इंग्रजीतही तसंच. 'ही समटाइम्स कॉल्स' आणि 'ही रेअरली कॉल्स' यांत आकड्यापेक्षा बोलणाऱ्याची बाजू महत्त्वाची. कोणता शब्द कोणत्या गटातला हे पक्कं झालं की खालचे निम्मे प्रश्न तुमचे तुम्हीच सोडवाल.

२. गाइडमध्ये तक्ता असतो: समटाइम्स ५० टक्के, ऑकेजनली ३० टक्के, रेअरली ५ टक्के. तो पाठ करायचा का?

क्रम पाठ करा, टक्के सोडून द्या. ऑलवेज, युज्वली, ऑफन, समटाइम्स, ऑकेजनली, मग रेअरली आणि सेल्डम, मग हार्डली एव्हर, शेवटी नेव्हर. एवढा क्रम खरा आहे. टक्केवारी मात्र प्रत्येक गाइडमध्ये वेगळी छापलेली दिसते, कारण ती भाषेत मुळात नाहीच.

'किती वेळा' हे कशाच्या तुलनेत, त्यावर शब्द ठरतो. जामनेरचा माणूस महिन्यातून एकदा मुंबईला जात असेल तर लोक म्हणतील, 'ही ऑफन गोज टू मुंबई.' तोच माणूस महिन्यातून एकदाच स्वतःच्या शेतावर जात असेल तर म्हणतील, 'ही रेअरली गोज टू हिज फार्म.' दोन्हीकडे वर्षात बाराच फेऱ्या. मुंबईला इतक्या वेळा जाणं अपेक्षित नव्हतं, शेतावर मात्र रोज जाणं अपेक्षित होतं. शब्द निवडताना आधी विचारा: ऐकणाऱ्याला साधारण किती वाटत असेल? त्याहून कमी सांगायचं आहे की जास्त?

३. मग समटाइम्स आणि ऑकेजनली यांत नेमका फरक काय?

ऑकेजनलीत दोन वेळांमधलं अंतर जास्त, आणि शब्द थोडा नीटनेटका. घरात, मित्रांत समटाइम्स. अर्जात, अहवालात, डॉक्टरांच्या कागदावर ऑकेजनली जास्त दिसतो. 'आय समटाइम्स ईट आउट' म्हणणारा हॉटेलात जाणारा माणूस वाटतो. 'आय ऑकेजनली ईट आउट' म्हणणारा एरवी घरी जेवणारा.

आणखी एक उपयोगी फरक: ऑकेजनलीच्या आधी 'व्हेरी' लागतो, समटाइम्सच्या आधी लागत नाही. 'व्हेरी समटाइम्स' असं काही नसतं. स्पेलिंगमध्ये ऑकेजनलीला दोन सी, एक एस आणि दोन एल. परीक्षेत या शब्दाच्या स्पेलिंगवर हमखास बोट ठेवतात.

४. समटाइम्स, समटाइम आणि सम टाइम. एस लावायचा की नाही, मध्ये जागा सोडायची की नाही?

तिन्ही वेगळे आहेत.

समटाइम्स, शेवटी एस, एकच शब्द: कधी कधी. 'आय समटाइम्स टेक द पॅसेंजर टू भुसावळ.'

समटाइम, एस नाही, एकच शब्द: कधीतरी, एक अनिश्चित वेळ. 'आय विल कम समटाइम नेक्स्ट वीक.' पुढच्या आठवड्यात एकदाच येणार, कोणत्या दिवशी ते ठरलेलं नाही.

सम टाइम, दोन शब्द: थोडा वेळ, किंवा बराच वेळ. 'आय नीड सम टाइम.' 'इट टुक सम टाइम.'

जाता जाता: नामाआधी येणारा समटाइम म्हणजे 'माजी'. 'द समटाइम सरपंच ऑफ द व्हिलेज' म्हणजे गावचा माजी सरपंच, कधी कधी सरपंच असणारा नव्हे. असा वापर जुन्या धाटणीच्या लिखाणात भेटतो, तुम्ही वापरण्याची गरज नाही.

५. 'कधी कधी' दोनदा येतं म्हणून 'समटाइम समटाइम' म्हटलं तर चालेल का?

चालणार नाही. मराठी शब्द दुहेरी करून अर्थ पसरवते: कधी कधी, कुठे कुठे, हळूहळू. इंग्रजीत ते काम त्या एका एसनेच होतं. एकदाच समटाइम्स म्हणा.

दोनदा म्हणायची एक जागा मात्र आहे, आणि ती तुमच्या रोजच्या कामाची आहे. शेतीची वीज 'कधी दिवसा येते, कधी रात्री' हे सांगताना: 'समटाइम्स वुई गेट पॉवर बाय डे, समटाइम्स ॲट नाइट.' इथे दोन वेगळ्या गोष्टी जोडलेल्या आहेत, म्हणून दोनदा.

६. वाक्यात हा शब्द नेमका कुठे ठेवायचा? सुरुवातीला, मध्ये की शेवटी?

समटाइम्स आणि ऑकेजनली तिन्ही जागी बसतात. 'समटाइम्स आय वॉक टू कॉलेज.' 'आय समटाइम्स वॉक टू कॉलेज.' 'आय वॉक टू कॉलेज समटाइम्स.' तिन्ही बरोबर. सुरुवातीला ठेवला की जोर 'कधी कधी'वर पडतो, शेवटी ठेवला की तो जाता जाता सांगितल्यासारखा वाटतो.

रेअरली, सेल्डम आणि हार्डली एव्हर यांची हक्काची जागा मधली. सुरुवातीला ठेवले तर वाक्याची रचनाच बदलते, ते प्रश्न ११ मध्ये. रेअरली किंवा सेल्डम शेवटी ठेवायचे असतील तर सोबत 'व्हेरी' किंवा 'ओन्ली' लागतो: 'ही कम्स हिअर व्हेरी रेअरली.'

'मध्ये' म्हणजे कुठे, तेही नीट पाहा:

एकच क्रियापद असेल तर त्याच्या आधी: 'शी समटाइम्स मेक्स मांडे.'

ॲम, इज, आर, वॉज, वेअर असतील तर त्यांच्या नंतर: 'द बस इज समटाइम्स लेट.'

हेल्पिंग व्हर्ब (साहाय्यक क्रियापद) असेल तर पहिल्या हेल्पिंग व्हर्बनंतर: 'लेपर्ड्स हॅव ऑकेजनली बीन सीन निअर द फार्म्स.' हॅव आणि बीन यांच्या मध्ये.

'हॅव टू' म्हणजे 'करावं लागतं' असेल तर हॅवच्या आधी: 'आय समटाइम्स हॅव टू स्टँड टिल नाशिक.' इथला हॅव हेल्पिंग नाही, मुख्य क्रियापदासारखा वागतो. खूप जण इथे अडखळतात, म्हणून मुद्दाम वेगळं सांगितलं.

७. 'आय फ्रॉम टाइम टू टाइम गो टू शिरपूर' असं लिहिलं तर सरांनी लाल रेघ मारली. का?

जागेमुळे. एकाहून जास्त शब्दांचे तुकडे मध्ये घुसवले की वाक्य अडखळतं. फ्रॉम टाइम टू टाइम, वन्स इन अ व्हाइल, एव्हरी सो ऑफन, एव्हरी नाऊ अँड देन या सगळ्यांना शेवटी बसवा, नाहीतर सुरुवातीला. 'आय गो टू शिरपूर फ्रॉम टाइम टू टाइम.' हार्डली एव्हर दोन शब्दांचा असूनही मध्येच बसतो, तो या नियमात नाही.

८. एका इंग्रजी मालिकेत 'ही समटाइम्स इज' असं ऐकलं. 'इज'च्या नंतर यायला हवं ना?

बारकाईने ऐकलंत. प्रश्न ६ मधला नियम पूर्ण वाक्यांचा आहे. उत्तर अर्धं तोडलेलं असेल आणि इज किंवा हेल्पिंग व्हर्ब शेवटचा शब्द असेल, तर ॲडव्हर्ब, म्हणजे आपला समटाइम्स किंवा रेअरली, त्याच्या आधी येतो. 'इज ही लेट?' 'ही समटाइम्स इज.' 'हॅज शी एव्हर कम्प्लेन्ड?' 'शी रेअरली हॅज.' इथे 'ही इज समटाइम्स' असं थांबलं तर वाक्य लटकतं.

९. 'आय डोन्ट समटाइम्स ईट ब्रेकफास्ट' बरोबर आहे का?

नाही. समटाइम्स नकाराच्या आधी हवा: 'आय समटाइम्स डोन्ट ईट ब्रेकफास्ट.' मराठीतही आपण 'कधी कधी नाश्ता करत नाही' म्हणतो, तोच क्रम. ऑकेजनलीलाही हेच लागू.

ऑफन आणि ऑलवेज मात्र नकाराच्या नंतर आरामात येतात: 'आय डोन्ट ऑफन ईट ब्रेकफास्ट.' इथे क्रमाबरोबर अर्थही बदलतो. 'ही डझन्ट ऑलवेज कम' म्हणजे कधी येतो, कधी नाही. प्रश्नात 'डोन्ट यू समटाइम्स मिस होम?' हे बरोबर आहे, कारण तिथे डोन्ट फक्त प्रश्न विचारायला आलेला आहे.

१०. 'ही रेअरली डझन्ट कम' यात काय चुकलं? मला 'तो फारसा येत नाही' असं म्हणायचं होतं.

व्याकरण चुकलेलं नाही, अर्थ उलटा झाला. रेअरलीच्या पोटात नकार आधीच आहे. वर डझन्ट लावलात की दोन नकार झाले, आणि वाक्याचा अर्थ झाला: तो जवळजवळ नेहमी येतो. म्हणायचं असेल 'तो फारसा येत नाही', तर 'ही रेअरली कम्स.' बस्स.

हा पोटातला नकार तीन ठिकाणी बाहेर दिसतो, आणि परीक्षेत तिन्हींवर प्रश्न येतात.

क्वेश्चन टॅग: 'ही समटाइम्स कम्स, डझन्ट ही?' पण 'ही रेअरली कम्स, डझ ही?' दुसऱ्या वाक्यात नॉट कुठे दिसत नाही, तरी वाक्य नकारार्थी धरलं जातं, म्हणून टॅग होकारार्थी.

सम आणि एनी: 'देअर इज समटाइम्स सम वॉटर इन द रिव्हर.' पण 'देअर इज रेअरली एनी वॉटर इन द रिव्हर इन मे.'

दुजोरा: 'आय समटाइम्स ईट आउट.' 'सो डू आय.' पण 'आय सेल्डम ईट आउट.' 'नायदर डू आय.'

आता एक खरं वाटावं इतकं जवळचं उदाहरण. रावेर पट्ट्यातल्या एका वाचकाने केळीच्या खरेदीदाराला मेल लिहिला होता आणि पाठवण्याआधी आम्हाला दाखवला. त्यात वाक्य होतं: 'अवर बनानाज आर सेल्डम विदाउट स्पॉट्स.' सांगायचं होतं, आमच्या फण्यांवर डाग क्वचितच असतो. सेल्डममध्ये एक नकार, विदाउटमध्ये दुसरा. खरेदीदाराने वाचलं असतं: यांच्या केळीवर जवळजवळ नेहमी डाग असतात. वर्षभराची मेहनत, घडाच्या भाराने झाड वाकू नये म्हणून दिलेला आधार, डाग पडू नये म्हणून घातलेली पिशवी, सगळं त्या एका वाक्याने झाकलं गेलं असतं. दुरुस्त वाक्य साधं आहे: 'अवर बनानाज रेअरली हॅव स्पॉट्स.'

आणि इथेच प्रश्न १ मधली गोष्टही कामाला येते. 'अवर बनानाज ऑकेजनली हॅव स्पॉट्स' हेही खोटं नाही. पण ते वाचणारा डागांचा विचार करतो आणि रेअरली वाचणारा स्वच्छ मालाचा. तक्रारीचं उत्तर देताना प्रामाणिकपणे ऑकेजनली लिहा. मालाची ओळख करून देताना, माल खरंच तसा असेल तर, रेअरली लिहा.

११. 'रेअरली डझ इट रेन' अशी उलटी वाक्यं का लिहितात? तो प्रश्न आहे का?

प्रश्न नाही. नकाराच्या गटातला शब्द वाक्याच्या अगदी पुढे आणला की हेल्पिंग व्हर्ब कर्त्याच्या आधी येतो. 'इट रेअरली रेन्स इन एप्रिल' हे साधं वाक्य. जोर द्यायचा असेल तर 'रेअरली डझ इट रेन इन एप्रिल.' तसंच 'सेल्डम हॅव आय ईटन सच भरीत.' 'रेअरली इट रेन्स' असं मात्र लिहू नका, ती चूक धरली जाते.

होकाराच्या गटाला हे कधीच लागू नाही. 'समटाइम्स डझ ही कम' असं होत नाही, साधं 'समटाइम्स ही कम्स.' बोलताना कोणी अशी उलटी वाक्यं फारशी वापरत नाही. भाषणात, निबंधात, परीक्षेत ओळखता यावीत एवढं पुरे.

१२. ऑकेजनली होकाराच्या गटातला म्हणालात, मग पेपरात 'ओन्ली ऑकेजनली डझ ही स्पीक' बरोबर कसं?

ओन्लीमुळे. 'ओन्ली' लागला की जोर 'एरवी नाही'वर जातो आणि वाक्य नकाराच्या बाजूला झुकतं. म्हणून ओन्ली ऑकेजनली, ओन्ली रेअरली, ओन्ली वन्स इन अ व्हाइल हे पुढे आले की रचना प्रश्न ११ सारखी उलटते. 'व्हेरी ऑकेजनली'चा अर्थ जवळजवळ रेअरलीसारखाच, पण त्याने वाक्य उलटत नाही: 'व्हेरी ऑकेजनली, ही स्पीक्स अप.' अर्थ सारखा, वागणं वेगळं. हे समजून घेण्यापेक्षा दोन-चारदा म्हणून कानात बसवलेलं बरं.

१३. हार्ड, हार्डली, हार्डली एव्हर. माझा मुलगा 'आय वर्क हार्डली' म्हणतो.

त्याला आजच थांबवा, कारण इंटरव्ह्यूत हे वाक्य नोकरी घालवू शकतं. 'आय वर्क हार्ड' म्हणजे मी कष्ट करतो. 'आय हार्डली वर्क' म्हणजे मी जेमतेमच काम करतो. 'आय वर्क हार्डली' हे इंग्रजीत कष्टाच्या अर्थाने होतच नाही.

हार्डली एव्हर म्हणजे जवळजवळ कधीच नाही: 'वुई हार्डली एव्हर सी हिम.' 'हार्डली नेव्हर' म्हणू नका, दोन नकार होतात. 'हार्डली हॅड आय रीच्ड द स्टेशन व्हेन द ट्रेन लेफ्ट' हा प्रकार वेगळा: मी स्टेशनवर पोचतो न पोचतो तोच गाडी सुटली. इथे वारंवारतेचा संबंध नाही. या रचनेत पुढे व्हेन येतो, दॅन येतो तो 'नो सूनर'च्या पुढे.

१४. सेल्डम जुना झाला आहे का? आमचे सर तोच शिकवतात.

बोलण्यातून मागे पडला आहे, लिखाणात जिवंत आहे. बोलताना 'डोन्ट ऑफन' किंवा हार्डली एव्हर सगळ्यात सहज वाटतात, लिहिताना रेअरली. तरी सेल्डम शिकवणं योग्यच, कारण परीक्षेत तो ठरलेला आहे. विशेषतः ही जोडी: 'सेल्डम ऑर नेव्हर' बरोबर, 'सेल्डम इफ एव्हर' बरोबर, 'सेल्डम ऑर एव्हर' चूक. रेअरलीचंही तसंच.

१५. आमच्या खान्देशातला कानबाईचा सण वर्षातून एकदाच येतो. मग 'वुई ऑकेजनली सेलिब्रेट कानबाई' म्हणायचं का?

नको. ऑकेजनलीमध्ये 'कमी वेळा' याबरोबर 'वेळ ठरलेली नाही' हेही येतं. कानबाई श्रावणात, नागपंचमीनंतरच्या रविवारी बसते. कधी येणार ते सगळ्या खान्देशाला ठाऊक असतं. सारंगखेड्याची घोड्यांची यात्रा दत्तजयंतीला भरते, तीही तशीच. अशा गोष्टींना 'एव्हरी इयर' किंवा 'वन्स अ इयर' म्हणा. वर्षातून एकदा म्हणजे कमीच, पण ते अधूनमधून नव्हे.

ठरावीक अंतराने होणाऱ्या कामांना पिरिऑडिकली: 'द मीटर इज चेक्ड पिरिऑडिकली.' एव्हरी सो ऑफनमध्ये काही काळ गेला की पुन्हा घडतं अशी लय असते, तारीख नसते. आणि 'एव्हरी अदर डे' म्हणजे दिवसाआड. गावात दिवसाआड पाणी येत असेल तर हाच शब्द, ऑकेजनली नव्हे.

१६. दिवसभर थांबून थांबून पाऊस पडला, तर समटाइम्स म्हणायचं का?

एकाच दिवसातली थांब-चालू असेल तर ऑन अँड ऑफ: 'इट रेन्ड ऑन अँड ऑफ ऑल डे.' बातमीत इंटरमिटंट वाचाल, अर्थ तोच. लाइट येत-जात राहिली तरी हेच. स्पोरॅडिक म्हणजे इकडे-तिकडे, कधीही, कसलीही लय नसलेलं.

१७. 'वन्स इन अ ब्लू मून'. चंद्र निळा कधी होतो?

निळा होण्याशी इथे संबंध नाही. वाक्प्रचाराचा अर्थ फार म्हणजे फारच क्वचित. आपण न भेटणाऱ्या माणसाला 'उंबराचं फूल झालास' म्हणतो, किंवा 'सठीसामासी येतो' म्हणतो, त्या जातीचं हे बोलणं आहे. जागा शेवटी: 'ही कम्स होम वन्स इन अ ब्लू मून.' घरगुती बोलण्यात चालतं, अर्जात नको.

एका इंग्रजी महिन्यात दोन पौर्णिमा आल्या तर दुसरीला ब्लू मून म्हणतात, हा अर्थ बराच उशिराचा आहे. १९४६ साली अमेरिकेतल्या एका खगोलविषयक मासिकात आलेल्या लेखापासून तो पसरला. वाक्प्रचार त्याच्या खूप आधीपासून बोलला जात होता.

तरी त्या हिशोबाची गंमत आपल्याला चटकन कळेल अशी आहे. पौर्णिमा ते पौर्णिमा साधारण साडेएकोणतीस दिवस. बारा पौर्णिमांचे ३५४ दिवस होतात आणि सूर्याच्या वर्षाला ११ दिवस कमी पडतात. ते साठत साठत साधारण ३२-३३ महिन्यांनी एक जादा चांद्रमास उभा राहतो. आपल्याकडे तोच अधिकमास, म्हणजे धोंड्याचा महिना, जावयाला बोलावून पुरणाचे धोंडे खाऊ घालण्याचा. इंग्रजी कॅलेंडर चंद्रावर चालत नाही, म्हणून तिथे तीच जादा पौर्णिमा एखाद्या महिन्यात दुसरी म्हणून उरते. दोन्हींचं प्रमाण साधारण १९ वर्षांत ७. ते एकाच वेळी येतातच असं नाही, पण २०२३ मध्ये अधिक श्रावणही होता आणि ऑगस्टमध्ये दोन पौर्णिमाही.

म्हणजे खरा ब्लू मून पावणेतीन वर्षांत येतो. बोलताना मात्र हा हिशोब धरू नका. पाच वर्षांत एकदा येणाऱ्या पाहुण्यालाही तेच म्हणतात आणि चार महिन्यांतून एकदा स्वयंपाकघरात शिरणाऱ्या नवऱ्यालाही. का, ते प्रश्न २ मध्ये आलं आहे.

१८. ऑन ऑकेजन, ऑन द ऑकेजन ऑफ आणि ऑकेजनली यांत काय फरक?

ऑन ऑकेजन म्हणजे ऑकेजनलीच. ऑन द ऑकेजन ऑफ म्हणजे 'च्या निमित्ताने': 'ऑन द ऑकेजन ऑफ अक्षय्य तृतीया.' आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, निमंत्रणात 'द' आणि 'ऑफ' दोन्ही हवेत. आणि कॅज्युअलीचा ऑकेजनलीशी काही संबंध नाही, कानाला सारखे वाटतात इतकंच.

१९. ॲट टाइम्स, ॲट अ टाइम, ॲट वन टाइम?

ॲट टाइम्स: कधी कधी. ॲट अ टाइम: एका वेळी, 'टू ॲट अ टाइम' म्हणजे एका वेळी दोन. ॲट वन टाइम: एके काळी. तीन शब्द, तीन अर्थ, ओढाताण नको.

२०. 'आय एव्हर गो देअर' म्हणजे 'मी कधी कधी जातो' होतं का?

होत नाही. एव्हर हा प्रश्नातला आणि नकारातला 'कधी' आहे. 'डू यू एव्हर गो देअर?' असं विचारा. उत्तर द्या: 'यस, समटाइम्स' किंवा 'नो, हार्डली एव्हर.' साध्या होकारार्थी वाक्यात एव्हर एकटा येत नाही.

२१. 'आय ॲम समटाइम्स गोइंग टू जिम' असं आम्ही सगळेच म्हणतो. चूक आहे?

हो. सवय सांगायला साधा वर्तमानकाळ: 'आय समटाइम्स गो टू द जिम.' मराठीत 'जात असतो' आहे म्हणून हा आय-एन-जी येतो. अपवाद एकच: ठरावीक वेळी काय चाललेलं असतं ते सांगताना. 'ॲट नाइन ॲट नाइट आय ॲम समटाइम्स स्टिल कुकिंग.' भूतकाळातल्या सवयीसाठी वुड सुरेख बसतो: 'वुई वुड समटाइम्स स्वीम इन द तापी.'

२२. इंटरव्ह्यूत विचारलं, 'आर यू एव्हर लेट?' काय उत्तर द्यावं?

जे खरं असेल ते, पण योग्य गटातून. 'आय ॲम समटाइम्स लेट' म्हणजे उशिराची कबुली. 'आय ॲम रेअरली लेट' म्हणजे वक्तशीरपणाची ग्वाही. 'नेव्हर' म्हणू नका, त्यावर कोणी विश्वास ठेवत नाही आणि पुढचा प्रश्न अवघड येतो. वरिष्ठांच्या चुकीबद्दल लिहायची वेळ आली तर ॲट टाइम्स सौम्य वाटतो: 'ॲट टाइम्स द इन्स्ट्रक्शन्स रीच अस लेट.' यात कोणावर थेट बोट नाही, आणि गोष्टही सांगून झाली.

२३. 'फ्यू टाइम्स' आणि 'अ फ्यू टाइम्स' एकच का?

एका 'अ'मुळे गट बदलतो. 'आय हॅव मेट हिम अ फ्यू टाइम्स': काही वेळा भेटलो आहे. 'फ्यू टाइम्स'मध्ये 'फारच कमी वेळा' असा नकार येतो, आणि बोलताना तो कानाला खटकतो. तुम्हाला बहुतेक वेळा 'अ' असलेलाच हवा असतो.

२४. 'ही लाइक्स दी ऑड कप ऑफ टी' म्हणजे त्याला विचित्र चहा आवडतो का?

नाही. नामाआधी 'दी ऑड' किंवा 'दी ऑकेजनल' आलं की अर्थ 'अधूनमधून एखादा': अधूनमधून एखादा कप चहा त्याला आवडतो. दी ऑड हे ब्रिटिश वळण, दी ऑकेजनल सगळीकडे चालतं. 'दी' लक्षात ठेवा. 'ॲन ऑड कप' म्हटलं तर मात्र खरंच विचित्र कप.

२५. शेवटचा आणि अवघड: 'नॉट इन्फ्रिक्वेंटली' म्हणजे कधी कधी की नेहमी?

बऱ्याचदा. इन्फ्रिक्वेंटली नकाराच्या बाजूचा, त्यावर नॉट, दोन नकार मिळून होकार. पण तो होकार ऑकेजनलीवर न थांबता ऑफनच्या जवळ जातो. निकालपत्रात, सरकारी अहवालात आणि आकलनाच्या उताऱ्यात हा तुकडा भेटेल. तिथे 'क्वचित' हा पर्याय मुद्दाम पहिला दिलेला असतो. स्वतः लिहिताना सरळ ऑफन लिहा.